छातीतलं ‘जड’ आणि 72 टेस्टचं पॅकेज

वाचकांचं पत्र (थोडं आटोपतं करून):

“डॉक्टरसाहेब, आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मी 41 वर्षांची, शाळेत शिकवते. मिस्टर 46 वर्षांचे, बुटीबोरीला कंपनीत आहेत. दिवाळीनंतर माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, हार्ट अटॅकनं गेले. वय फक्त 51. रोज अंबाझरीला फिरायला जाणारा माणूस. त्या दिवशीही फिरून आले, चहा घेतला आणि खुर्चीतच गेले. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली आहे. मिस्टरांना कसंबसं फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी मोजलं, टेप घेऊन पोट मोजलं, शुगर आणि कोलेस्टेरॉल लिहून दिलं, बस्स. बीपी 148/92 निघालं तर म्हणाले, ‘परत बघू.’ सासूबाई म्हणतात ठीकच आहे, 100 अधिक वय. इकडे सोसायटीत एका लॅबचं पॅम्फ्लेट आलंय, 72 टेस्ट आणि वर ईसीजी, निम्म्या किमतीत. माझा भाऊ म्हणतो, थेट सीटी अँजिओ करून टाका, एकदाचा निकाल लागतो. मिस्टर म्हणतात मला काही झालेलं नाही. मागच्या महिन्यात ऑफिसची लिफ्ट बंद होती तेव्हा तीन मजले चढून छातीत जड वाटलं होतं, पण दुपारी सावजीचं जेवण झालं होतं, गॅस असेल. सिगारेट ते ओढत नाहीत. मला स्वतःला काही त्रास नाही, दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं तेवढंच. आमचे डॉक्टर हलगर्जीपणा करताहेत का? पॅकेज घेऊन टाकू का?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पॅकेजबद्दल विचारताना तुम्ही सगळ्यात मोठी गोष्ट शेवटाकडे, जाता जाता लिहून टाकली आहे. तीन मजले चढताना छातीत जड वाटलं. ही गोष्ट तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितली होती का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. सांगितली असती तर ते टेप आणि शुगरवर थांबले नसते.

म्हणून पॅम्फ्लेट सध्या फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवा. उद्या, फार तर परवा, मिस्टरांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि आत शिरल्या शिरल्या हेच वाक्य सांगा. जिना चढताना किंवा झपझप चालताना छातीत दाब येतो, थांबलं की पाच-दहा मिनिटांत ओसरतो, असं असेल तर तपासून दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते हृदयाचं समजायचं. जेवणानंतर चालताना हा त्रास जास्त जाणवतो, त्यामुळे माणूस हमखास पोटाला दोष देतो. नागपुरात सावजीच्या तर्रीनं हृदयाचे किती गुन्हे आपल्या अंगावर घेतले असतील, त्याची मोजदाद नाही.

डॉक्टर ईसीजी काढतील. तो नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी त्या क्षणाचं सांगतो. जिन्यावर काय होतं ते त्यात उमटेलच असं नाही. पुढे टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करायची, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा की तुमच्या भावानं म्हटलेली सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन), हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तोवर ‘बरं, एकदा चढून तर बघा, परत होतं का’ असला प्रयोग घरी करू नका. आणि तसंच जड बसल्या बसल्या आलं, दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, घाम सुटला, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ गेली, तर 108 ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही आणि ‘मुलांचे डबे होऊ दे, मग निघू’ हेही नाही.

हे झालं त्यांच्या छातीचं. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसाला चाळणी लावून धोका आधीच हेरायचा, याला स्क्रीनिंग म्हणतात. ज्याला त्रास होतोय त्याची तपासणी हे वेगळं काम आहे, त्याचे नियमही वेगळे. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि फसतात, दोन्ही बाजूंनी. त्रास असलेला माणूस पॅकेजमधला नॉर्मल ईसीजी खिशात घालून निर्धास्त फिरतो, आणि धडधाकट माणूस सीटीच्या रांगेत उभा राहतो. तुमच्या भावाला सांगा, मिस्टरांना त्या तक्रारीसाठी सीटी अँजिओ कदाचित लागेलही. पण ‘सगळ्यांनी एकदा करून टाकावी’ अशी ती तपासणी नाही. क्ष-किरण आहेत, शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागतं, आणि बारीकसा अडथळा दिसला की ज्यांना काही होत नव्हतं त्यांच्याही मागे पुढच्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं.

आता 72 टेस्ट. प्रयोगशाळेत बहुतेक आकड्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा कशी ठरते, तर 100 निरोगी माणसांपैकी मधल्या 95 जणांचे आकडे जिथे बसतात ती. उरलेले पाच निरोगीच असतात, पण कागदावर त्यांच्यापुढे बाण छापला जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एका ठणठणीत माणसाच्या केल्या तर निदान एक तरी बाण निघण्याची शक्यता 64 टक्के होते. 72 चा हिशेब तुम्हीच करा, शिक्षिका आहात. मग तो बाण घेऊन तुम्ही इंटरनेट धुंडाळणार, पुन्हा टेस्ट करणार, रात्रभर जागणार. आणि एवढं करून त्या 72 मधली एकही टेस्ट तुमच्या मिस्टरांना विचारत नाही, की जिना चढताना काय होतं हो?

तुमच्या डॉक्टरांनी टेप काढला ना, तेव्हाच मला ते आवडले. आपल्याकडच्या पुरुषांत कंबरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत 80 च्या वर गेला की धोका वाढतो. गोऱ्या पुरुषांसाठी हीच मर्यादा आणखी सैल असते. आपण बारीक हातापायांचे, पण पोटात चरबी साठवणारे. ‘माझं वजन तर बरोबर आहे’ म्हणणाऱ्याला टेप खोटं पाडतो, आणि त्याला वीजही लागत नाही. फक्त टेप पॅन्टच्या पट्ट्यावर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सोडलेला असताना. पोट आत ओढून मोजून घेणारे बहाद्दर मी रोज बघायचो.

हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी जगभर जवळपास त्याच आहेत, हे ‘इंटरहार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासानं 2004 साली दाखवलं. 52 देशांतले रुग्ण त्यात होते, आपलेही. तंबाखू, चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, हालचाल नसणं आणि दारूचं काहीसं गुंतागुंतीचं गणित, एवढ्या नऊ गोष्टींनी पहिल्या अटॅकचा जवळपास 90 टक्के हिशेब लागला. दोन गोष्टी आपल्या कामाच्या. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो. आणि धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एकट्या धूम्रपानानं धोका साधारण तिप्पट, एकट्या मधुमेहानं अडीच पटीच्या आसपास, एकट्या बीपीनं दुपटीच्या. तिन्ही एकाच माणसात असले तर 13 पट. म्हणून डॉक्टर एकेका आकड्याकडे न बघता सगळे एकत्र मांडून बघतात. ‘कोलेस्टेरॉल थोडंसंच जास्त आहे’ यातल्या ‘थोडंसं’चा अर्थ शेजारी काय काय बसलंय त्यावर ठरतो.

आता तुमचं ते दुसरं वाक्य, ‘सिगारेट ते ओढत नाहीत’. ताई, तुम्ही नागपूरच्या. मग मी विचारतो, खर्रा? तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला?

हा प्रश्न विचारायला मला स्वतःला कित्येक वर्षं लागली. पुस्तकात स्मोकिंग लिहिलेलं, म्हणून आम्ही विचारायचो ‘विडी-सिगारेट?’, समोरचा खरं सांगायचा ‘नाही’, आणि मी कागदावर निर्व्यसनी लिहून मोकळा. त्याच्या शर्टाच्या खिशात पन्नीत घोटलेली पुडी असायची. चघळायच्या तंबाखूनंही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त होतो, हे त्याच इंटरहार्टमध्ये निघालं आहे. निकोटीन धुरातून आलं काय आणि चुना-सुपारीत घोटलेल्या तंबाखूतून आलं काय, नाडी आणि बीपी वाढवायचं ते वाढवतंच. मिस्टरांना विचारताना ‘खाता का?’ विचारू नका, ‘दिवसाला किती?’ असं सहज विचारा, आणि शक्यतो मुलं समोर नसताना. खोटं बोलले तरी रागावू नका. बुटीबोरीच्या कंपनीबाहेर पानठेला आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

बीपीचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे डॉक्टरही चुकतात. मीही चुकलो आहे.

नागपूरच्या महाल भागात मी 34 वर्षं दवाखाना चालवला. एक पानठेलेवाला माझ्याकडे वर्षानुवर्षं खोकल्यासाठी यायचा. गर्दी असायची, मी छाती तपासायचो, औषध द्यायचो, तो जायचा. त्याच्या दंडाला मी एकदाही पट्टा बांधला नाही, कारण तो खोकल्यासाठी आलेला. एका सकाळी त्याचा उजवा हात उचलेना. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं तेव्हा वरचं बीपी 210 होतं. वाचला, पण सुपारी कातरणारा हात गेला. त्याचा केस-पेपर आजही माझ्या कपाटात आहे. अकरा वर्षांच्या नोंदी आणि त्यात बीपीचा रकाना रिकामा. त्यानंतर कोणी पायात काटा रुतला म्हणून आला तरी माझा कंपाउंडर आधी पट्टा बांधायचा.

मिस्टरांचं 148/92 हा एकदाच मोजलेला आकडा आहे. दवाखान्यात 140/90 च्या वर म्हणजे जास्त, पण तो शिक्का एका मोजणीवर मारायचा नसतो. भावाच्या मृत्यूनंतर बायकोनं धरून आणलेला माणूस डॉक्टरपुढे बसला की बीपी चढणारच. तेव्हा ‘परत बघू’ हे बरोबर होतं. फक्त ‘परत’ला तारीख लागते. ती मागून घ्या.

दरम्यान घरी मोजा. मनगटावरचं यंत्र नको, दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल घ्या, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही, जिना नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरची मर्यादा थोडी खाली धरतात, 135/85. त्याच्या वर सरासरी आली तर बीपी आहे, मग ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणायचं नाही. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे धरा. वहीत लिहा. मोबाइलमधल्या नोंदी डॉक्टरांसमोर नेमक्या सापडत नाहीत, हा माझा अनुभव.

सासूबाईंच्या ‘100 अधिक वय’ला मात्र आदरानं निरोप द्या. त्या चुकल्या असं म्हणवत नाही, कारण एके काळी मोठमोठे डॉक्टर हेच मानायचे. वय वाढलं की नसा कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, असा समज होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी 1944 सालीच 186/108 होतं. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले, तेव्हा मोजलेला आकडा 300/190. जगातली सर्वोत्तम वैद्यकीय सेवा दाराशी असलेल्या माणसाची ही कथा. तीन वर्षांनी, 1948 मध्ये, फ्रॅमिंगहॅम नावाच्या अमेरिकेतल्या एका गावात 5,209 निरोगी माणसांची नोंद सुरू झाली, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिल्यावर कळलं की वाढलेलं बीपी निरुपद्रवी नसतं, कुठल्याही वयात.

शुगर आणि कोलेस्टेरॉलचं मी पटकन आवरतो, कारण ते रिपोर्ट डॉक्टर समजावतीलच. उपाशीपोटी शुगर 126 किंवा वर, अथवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) 6.5 किंवा वर आली तर मधुमेह. त्रास नसेल तर एकदा परत करून खात्री करायची. 100 ते 125, किंवा 5.7 ते 6.4, हा उंबरठा. कोलेस्टेरॉलसाठी बहुतेकांना उपाशी राहायची गरज नसते, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 400 च्या वर निघाली तरच उपाशीपोटी परत करायची. एकूण आकड्यातून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा, उरतो तो सगळा त्रासदायक गठ्ठा. त्यात एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर, डॉक्टरांची नजर असते.

एक टेस्ट मात्र तुमच्या घरात मी आवर्जून करायला सांगेन, लायपोप्रोटीन-ए. कोलेस्टेरॉल वाहून नेणारा हा कण आईवडिलांकडून येतो. पथ्यानं, फिरण्यानं त्याचा आकडा फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केली की बहुतेकदा पुरते. 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त कडकपणे आटोक्यात ठेवायच्या. आपल्याकडे हा आकडा वाढलेली माणसं बरीच सापडतात. भासरे 51 व्या वर्षी गेले. सख्खा भाऊ किंवा वडील 55 च्या आत, आई किंवा सख्खी बहीण 65 च्या आत हृदयविकारानं आजारी पडली असेल तर ते घराण्यातून आलेलं समजायचं. म्हणजे मिस्टरांच्या खात्यावर ही एक नोंद कायमची आहे, आणि त्यांच्या इतर भावंडांच्याही.

यासाठी तुम्हाला एक नाजूक काम करावं लागेल. तुमच्या जाऊबाईंशी बोला. भासऱ्यांना शुगर होती का, बीपीची गोळी चालू होती का, मधेच बंद केली होती का, तंबाखू होता का, छातीत जळजळ म्हणायचे का. त्यांच्या दुःखात हे विचारणं जड जाईल, पण त्यांच्या मुलांसाठीही याचा उपयोग आहे. भासऱ्यांची फाइल मिळाली तर तिचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ‘रोज फिरणारा माणूस कसा गेला’ याचं उत्तर बहुधा तिथे सापडेल. फिरणं चांगलंच, पण अंबाझरीच्या चार फेऱ्या मारून तोंडातला खर्रा किंवा न घेतलेली बीपीची गोळी माफ होत नाही. भासऱ्यांना यातलं काय होतं ते मला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्याबद्दल निकाल देत नाही.

सगळं हाती आलं की काही डॉक्टर तक्त्यावरून पुढच्या दहा वर्षांतला धोका टक्क्यांत काढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आपल्या भागासाठी वेगळा तक्ता दिला आहे. फक्त लक्षात ठेवा, या हिशेबात वयाचं वजन सगळ्यात जास्त असतं. चाळिशीतल्या माणसाचा आकडा त्यामुळे लहानच दिसतो, आणि यात भावाचा अकाली मृत्यू धरलेला नाही. मिस्टर तो आकडा दाखवून ‘बघ, किती कमी!’ म्हणतील, तेव्हा हे सांगा. शिवाय छातीत जड वाटण्याचा उलगडा होईपर्यंत त्यांना हा तक्ता लागूच नाही.

आता डॉक्टर हलगर्जी आहेत का? मला नाही वाटत. पण या प्रश्नामागे एक समज आहे, की जितकी मोठी तपासणी तितकी जास्त सुरक्षा. डेन्मार्कमध्ये हे करून बघितलं. कोपनहेगन परिसरातल्या सुमारे 60 हजार लोकांपैकी साडेअकरा हजारांहून जास्त लोकांना बोलावलं, तपासलं, धोका जास्त असणाऱ्यांना पाच वर्षं सल्ला दिला. दहा वर्षांनी हिशेब केला, तर बोलावलेल्यांत आणि न बोलावलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण सारखंच. 2014 साली हा निकाल छापून आला तेव्हा आमच्या धंद्यात बरीच कुरकुर झाली.

याच्या उलट वेल्समधलं ग्लिनकॉरग हे कोळसाखाणीचं गाव, आपल्या उमरेड-सावनेरकडच्या वस्त्यांसारखं. तिथले डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी काय केलं, तर कोणीही कशासाठीही आलं तरी त्याचं बीपी मोजायचं, नोंद ठेवायची, आणि आला नाही तर शोधून आणायचं. 25 वर्षांनी, 1991 मध्ये, त्यांनी हिशेब मांडला. शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथे अकाली मृत्यू कमी निघाले. तिथे 72 टेस्ट नव्हत्या, ईसीजीचं पॅकेज नव्हतं. एक दवाखाना, एक वही, आणि तोच डॉक्टर. बीपीचं एक जुनं निरीक्षण आहे, ज्यांना आहे त्यातल्या निम्म्यांनाच माहीत असतं, त्यातले निम्मेच औषध घेतात, आणि त्यातल्या निम्म्यांचंच आटोक्यात असतं. पॅम्फ्लेटवाली लॅब या साखळीची पहिली कडी विकते. गोळी चालू आहे का, मे महिन्यात बंद केली का, हे विचारायला ती येणार नाही.

मे महिन्याचं मुद्दाम काढलं. पारा 45 कडे गेला की घाम जातो, पाणी कमी पडतं आणि बीपी उतरतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना चक्कर येते. दरवर्षी उन्हाळ्यात कितीतरी माणसं स्वतःच्या मनानं गोळी सोडतात आणि थंडीत, बीपी परत चढतं तेव्हा, सुरू करायची विसरतात. मिस्टरांना गोळी लागलीच तर उन्हाळ्याआधी डोस बघून घ्यायला जा. स्वतः कमी-जास्त करू नका. आणि ‘रक्त पातळ राहतं’ म्हणून रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो, तोही पाळू नका. हृदयविकार झालेला नसताना ती गोळी सरसकट कोणी घ्यायची नसते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

ताई, तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःला दोन ओळीही दिल्या नाहीत. ‘दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं तेवढंच.’ तेवढंच? ज्या बाईचं गरोदरपणात बीपी वाढलं, विशेषतः लघवीतून प्रथिनं गेली, तिला पुढे कायमचं बीपी होण्याची शक्यता तिपटी-चौपटीनं जास्त असते आणि हृदयविकाराची साधारण दुपटीनं. बाळंतपणातली शुगर, लवकर आलेली रजोनिवृत्ती, यांचंही तसंच. बाळ नीट झालं, आई घरी गेली, फाइल माळ्यावर गेली, असं आपल्याकडे घडतं. तुम्ही 41 च्या आहात. शेवटचं बीपी केव्हा मोजलं? बाळंतपणाची फाइल माळ्यावरून काढा, लघवीत काही गेलं होतं का ते बघा, आणि मिस्टरांसोबत तुमचाही केस-पेपर काढा. यात एक सोय आहे. ‘तुम्हाला दाखवायला जायचंय’ म्हटलं तर ते टाळतील. ‘मला दाखवायचंय, तुम्ही सोबत चला’ म्हटलं तर येतील. नवरे बायकोच्या दुखण्यासाठी दवाखान्यात येतात, माझ्या दवाखान्यात तरी येत असत. अर्थात छातीचं सांगायला उशीर होत असेल तर ही युक्ती नको, सरळ ओढून न्या.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही सांगा, वय 30 च्या वर असेल तर मनपाच्या आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी आणि शुगर फुकट बघतात, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होते. आशाताई फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखू आणि कंबरेचा घेर विचारलेला असतो. पॅम्फ्लेटपेक्षा तो फॉर्म मला जास्त शहाणा वाटतो.

त्या लॅबकडून शुगर आणि कोलेस्टेरॉल करून घ्यायला हरकत नाही, फक्त डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच मागा. काउंटरवरची मुलगी ‘थोडेच पैसे जास्त आहेत, पूर्णच करून घ्या ना’ म्हणेल. तिचं ते काम आहे, हसून नाही म्हणा.

छातीचं काय झालं ते मला दोन ओळींत कळवा. आणि त्यासोबत सात दिवसांच्या बीपीची सरासरी पाठवा, दोघांची, आधी तुमची.